बाबांचं जुनं अकाउंट नव्या युजरमध्ये जसंच्या तसं कसं आणायचं? विंडोज १०, घरचा पीसी

इंदिरानगर_बोगदा · शनिवार रात्री ११:१२

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबडा आहे, आधीच सॉरी.

घरी एकच डेस्कटॉप. २०१६ ला असेंबल करून घेतलेला, सहाव्या जनरेशनचा आय थ्री, मध्ये एसएसडी टाकली म्हणून अजून पळतोय. विंडोज १० होम. पहिल्या दिवसापासून त्यात एकच अकाउंट आहे, दुकानवाल्याने "एडमिन" नाव देऊन ठेवलेलं, आणि सगळं घर त्यातच नांदतंय म्हणजे बाबांचे सोसायटीचे हिशोब न नोटिसा, आईच्या मसाला-पापडाच्या ऑर्डरी, बायकोचं बँकेचं, पोरीचे प्रोजेक्ट आणि गेम. मागच्या आठवड्यात पोरीने डेस्कटॉप "साफ" केला. साफ म्हणजे काय तर सगळे आयकॉन एका फोल्डरमध्ये ढकलले आणि फोल्डरला नाव दिलं "कचरा". त्यात बाबांची मेंटेनन्सची एक्सेल. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, आता ७१ वय, त्यांना फाइलचं नाव माहीत नसतं, जागा माहीत असते. "डावीकडून दुसरी रांग, खालून तिसरं." ते तिथे नाही म्हटल्यावर दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

म्हणून ठरवलं, ज्याचं त्याला वेगळं अकाउंट. बाबांसाठी नवीन युजर काढला, लॉगिन करून त्यांना खुर्चीत बसवलं, पाच मिनिटांत उठले. म्हणे हा माझा कॉम्प्युटर नाहीच. आता त्यांचंही बरोबर आहे, अक्षरं बारीक, माउसचा बाण मी मोठा काळा करून दिला होता तो परत पांढरा पिटुकला, मराठी टायपिंग गायब, त्या पिवळ्या स्टिकी नोट्स गायब, प्रिंट दिली तर प्रिंटरऐवजी पीडीएफ सेव्ह करू का विचारतंय.

मी काय काय केलं ते सांगतो. एक्सपीच्या काळात सिस्टिम प्रॉपर्टीज, ऍडव्हान्स्ड, युजर प्रोफाइल्स इथे "कॉपी टू" नावाचं बटण असायचं, कॉलेजला असताना लॅबमध्ये वापरलेलं आठवतं. ते बटण अजून आहे! पण करडं, दाबताच येत नाही. मग सी ड्राइव्हच्या युजर्समधलं एडमिन फोल्डर आख्खं उचलून बाबांच्या फोल्डरवर टाकायचा प्रयत्न केला, तर "फाइल दुसरीकडे उघडी आहे". मग एका व्हिडिओत बघून रोबोकॉपीची (विंडोजचंच फाइली कॉपी करायचं टूल) एक वीतभर कमांड मारून झोपलो, सकाळी बघतो तर ऍप्लिकेशन डेटाच्या आत ऍप्लिकेशन डेटा, त्याच्या आत परत ऍप्लिकेशन डेटा, डिस्क भरत आली होती. बंद केलं सगळं.

सरळ रस्ता आहे का काही? का फॉरमॅट मारू?

अंबड_लिंक_रोड · शनिवार रात्री ११:५५

फॉरमॅट नको, आणि त्या नवीन अकाउंटमध्ये आता अजून काही ओतू नका. मी एमआयडीसीत छोट्या कंपन्यांचे पीसी सांभाळतो, हा घोळ महिन्यातून एकदा तरी बघतो.

आधी हे समजून घ्या की "सेटिंग्ज" नावाची एक गोष्ट कुठे ठेवलेली नसते. युजर फोल्डरमध्ये एनटीयुजर डॉट डॅट नावाची लपवलेली फाइल असते, तुम्ही लॉगिन केलं की ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, चढते, करंट युजर म्हणून जो भाग दिसतो तो म्हणजे हीच. बाणाचा आकार, वॉलपेपर, डिफॉल्ट प्रिंटर, आयकॉनच्या जागा, सगळं हिच्यात. लॉगिन असेपर्यंत तिला कुलूप, म्हणून तुम्हाला "उघडी आहे" म्हणाला. तिला एक जोडीदार पण आहे, युजरक्लास डॉट डॅट, ती युजर फोल्डरमधल्या ऍपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या लोकलमध्ये आत कुठेतरी बसते. उरलेलं सामान ऍपडेटामध्ये, त्याचे तीन कप्पे, रोमिंग, लोकल आणि लोकललो, प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या मर्जीने कुठेही पसरतो.

आता तुम्ही म्हणाल दुसऱ्या ऍडमिनमधून लॉगिन करून ती फाइल उचलतो. उचलता येते. पण विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांबलचक नंबरने ओळखतं आणि त्या फाइलच्या आतल्या परवानग्या जुन्या नंबरच्या नावावर असतात. नव्या माणसाला ती जशीच्या तशी दिली तर नशीब असेल तर स्टार्ट मेनू उघडत नाही, नशीब नसेल तर टेंपररी प्रोफाइलने लॉगिन होतं आणि त्यात केलेलं काम लॉगआउट केल्यावर जातं. एका ठिकाणी अकाउंटंटची दिवसभराची डेस्कटॉपवरची एक्सेल अशीच गेलेली मी बघितलीय, माणूस रडायचा बाकी होता.

ते कॉपी टू बटण एक्सपीत चालायचं कारण ते फाइल पण हलवायचं आणि "कोणाला वापरायला परवानगी" ते विचारून नंबर पण बदलायचं. त्यातही अट होती, ज्याचं न्यायचं न ज्याला द्यायचं त्या दोघांपैकी कोणीच लॉगिन नको, तिसऱ्या ऍडमिनमधून करायचं. विंडोज ७ पासून मायक्रोसॉफ्टने ते फक्त डिफॉल्ट प्रोफाइलपुरतं ठेवलं, बाकी सगळ्यांना करडं. ईझी ट्रान्स्फर म्हणून एक बरं टूल होतं व्हिस्टा, ७, ८ मध्ये, ते १० मधून काढून टाकलं. आता अधिकृत म्हणायची तर सिसप्रेपसारखी टूलं, ती कारखान्यात शंभर पीसी एकसारखे करायला, घरात नाही.

रोबोकॉपीचं म्हणाल तर ते फोल्डरच्या आत फोल्डर खरे नव्हते. जुन्या प्रोग्रॅमना रस्ता सापडावा म्हणून विंडोजने ठेवलेल्या पाट्या असतात त्या, जंक्शन म्हणतात, पाटी परत त्याच घराकडे बोट दाखवते. कमांडमध्ये स्लॅश एक्सजे टाकलं असतं तर पाट्या सोडून दिल्या असत्या. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

तर फाइली कॉपी करा, सेटिंग नव्याने करा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, झालं.

तर्रीबाज · रविवार पहाटे १२:२०

काय भो, उलटं करा ना.

बाबांना नवीन अकाउंट देताच कशाला. सगळ्यात जास्त सवयी कोणाच्या? बाबांच्या. मग जुनं अकाउंट बाबांनाच ठेवा, कंट्रोल पॅनलमधून नुसतं नाव बदला, एडमिनचं "बाबा" करा. नवीन अकाउंटं बाकीच्यांना. पोरीला काय, तिला तर कोरी पाटीच पाहिजे. एक पण सेटिंग कॉपी करायची गरज नाही.

इंदिरानगर_बोगदा · रविवार सकाळी ८:०५

तर्रीबाज भाऊ, डोकं भिंतीवर आपटून घेतलं. आठवडाभर हे सुचलं कसं नाही. पुढची मिसळ माझ्याकडून.

पण दोन शंका. एक, ते अकाउंट ऍडमिनिस्ट्रेटर आहे. बाबा "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" वर इमानदारीत येस दाबणाऱ्यातले, त्यांच्या हातात ऍडमिन नको. दुसरं, नाव बदललं तरी सी ड्राइव्हमध्ये फोल्डरचं नाव एडमिनच दिसणार ना, ते पण बदलू का?

आणि कॉपीचा प्रश्न सुटलेला नाहीये, फक्त बाबांकडून आईकडे गेला. आईला मराठी कीबोर्ड लागतो, तिच्या पाकिटांवरच्या लेबलला एक जुना फॉन्ट आहे तो लागतो. बायकोचे पासवर्ड सगळे क्रोममध्ये. पोरीचं माइनक्राफ्टमध्ये दोन वर्षांचं बांधकाम आहे, ते गेलं तर मलाच घराबाहेर काढतील.

अंबड_लिंक_रोड · रविवार सकाळी ९:३०

तर्रीबाजने बरोबर सांगितलं, मी कंपनीच्या सवयीने विचार करत बसलो.

फोल्डरच्या नावाला हात लावू नका. नाव फक्त दिसायला बदलतं, आत शंभर ठिकाणी जुना रस्ता लिहिलेला असतो, फोल्डर बदललं की निम्मे प्रोग्रॅम आंधळे होतात. राहू दे एडमिन, कोण बघतंय.

बाबांचं ऍडमिनपद काढायचंय ते काढाच, पण क्रम चुकवू नका. आधी एक नवीन अकाउंट, समजा "देखभाल", ते ऍडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड टाका, एकदा लॉगिन करून बघा की चालतंय. मगच त्यातून बाबांना स्टँडर्ड करा. उरकताना शेवटी करा हे, कारण आईच्या कामाला जुन्या अकाउंटचे ऍडमिन हक्क लागतील, खाली सांगतो. आणि एक, बाबांच्या अकाउंटला पासवर्ड असेल तर तो बाबांकडूनच बदलून घ्या, जुना टाकून नवीन. ऍडमिनमधून जबरदस्तीने रिसेट मारला तर ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड वगैरे त्यांना परत उघडत नाहीत, ती चावी जुन्या पासवर्डवरूनच बनलेली असते.

आईचा कीबोर्ड. ही एकच सेटिंग अशी आहे की तिला विंडोजने कॉपीचं बटण सरळ दिलंय आणि कोणाला माहीत नसतं. आताच्या जुन्या अकाउंटमध्ये कंट्रोल पॅनल, रीजन, ऍडमिनिस्ट्रेटिव्ह टॅब, कॉपी सेटिंग्ज. खाली दोन चौकोन येतात, एक वेलकम स्क्रीनसाठी न दुसरा न्यू युजर अकाउंट्ससाठी. दुसऱ्यावर टिक करा. आता यापुढे जे अकाउंट निघेल त्यात कीबोर्ड, तारखेची पद्धत, रुपयाचं चिन्ह सगळं इथलंच येईल. पण फक्त यापुढे निघणाऱ्यात! आधीच काढून ठेवलेल्यात येत नाही. म्हणून बाबांसाठी काढलेलं ते नवीन अकाउंट आईला देऊ नका, उडवा, टिक करा, मग आईचं काढा. पहिल्या चौकोनावर टिक करू नका, नाहीतर लॉगिनला पासवर्ड टाकताना मराठी अक्षरं उमटायला लागली तर आमच्याकडे येऊन विचाराल.

गंगापूररोड_पेंग्विन · रविवार सकाळी १०:०२

लिनक्समध्ये होम फोल्डर सीपी डॅश ए ने कॉपी करायचं, चोन डॅश आर ने मालक बदलायचा, दोन ओळी, चहा होईपर्यंत संपतं. सेटिंग बहुतेक डॉटने सुरू होणाऱ्या साध्या फाइलींमध्ये असते, ना रजिस्ट्री ना कुलूप. बघा विचार करून, तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला न तुमचा सहाव्या जनरेशनचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्यांच्या यादीत नाही.

तर्रीबाज · रविवार सकाळी १०:१०

पेंग्विन आला. आता बाबांना टर्मिनल शिकवा. जे बाबा बाणाचा रंग बदलला म्हणून उठून गेले त्यांना.

गंगापूररोड_पेंग्विन · रविवार सकाळी १०:१४

माझ्या आजीला दिलंय, चार वर्षं वापरतेय. असो. सपोर्टचं मात्र खरंच बघा, त्यात चेष्टा नाही, बायकोचं बँकेचं काम त्याच मशीनवर होतंय.

कारंजा_डीटीपी · रविवार दुपारी १:४०

फॉन्टचं मी सांगते, रविवार कारंजावर वीस वर्षं पत्रिका न लेटरहेड करतेय, हा त्रास माझ्या दुकानात रोजचा होता.

पूर्वी फॉन्ट टाकला की तो सगळ्या मशीनला लागायचा. २०१८ मधल्या एका अपडेटपासून विंडोज १० ने ते बदललं, आता फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल दाबलं की तो फक्त त्या अकाउंटपुरता बसतो, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये नाही तर त्या युजरच्या ऍपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स इथे. दुसऱ्या युजरमध्ये तीच फाइल उघडली की फॉन्ट नाही. आणि आपले जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नसतात ना, म्हणजे फाइलीत खरी इंग्रजी अक्षरं असतात न फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो, त्यामुळे फॉन्ट नसला की नुसतं अक्षर वेगळं दिसत नाही, "गोडा मसाला" च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. माझ्याकडे नवीन पोरगा कामाला लागला तेव्हा त्याला वेगळं अकाउंट करून दिलं होतं, पहिल्याच दिवशी एका वास्तुशांतीच्या पत्रिकेची फाइल उघडली, त्याला वाटलं व्हायरस लागला, बिचाऱ्याने मशीन बंद करून वायर काढून ठेवली.

उपाय सोपा. वर सांगितलेल्या फोल्डरमधून आईचा तो फॉन्ट उचला, डी ड्राइव्हवर ठेवा, त्यावर राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स" करा. ऍडमिन हक्क लागतात. एकदाच करायचं, सगळ्यांना लागतो.

आई लेबलं वर्डमध्ये करत असतील तर अजून दोन गोष्टी. ऍपडेटाच्या रोमिंगमध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात टेंप्लेट्स, तिथे नॉर्मल डॉट डॉटएम असते, समास, कागदाचा आकार, नेहमीचा फॉन्ट जे काही डिफॉल्ट करून ठेवलंय ते हिच्यात. वर्ड बंद ठेवून ही फाइल नव्या अकाउंटच्या त्याच जागी टाकायची, चालते. शेजारीच यूप्रूफ नावाचं फोल्डर, त्यात कस्टम डॉट डिक, म्हणजे "ऍड टू डिक्शनरी" करून करून साठवलेले शब्द. साधी टेक्स्ट फाइल आहे. माझ्यात आडनावंच आडनावं भरलीयेत, अर्धं नाशिक आहे त्यात.

अंबड_लिंक_रोड · रविवार दुपारी २:१५

ताईंनी सांगितलेली पद्धतच खरी पद्धत आहे. आख्खं ऍपडेटा उचलायचं नाही, एकेका प्रोग्रॅमचं घर शोधायचं न तेवढंच न्यायचं.

त्याच हिशोबाने माइनक्राफ्ट. जावा आवृत्ती असेल तर रोमिंगमध्ये डॉट माइनक्राफ्ट नावाचं फोल्डर, आत सेव्ह्ज, प्रत्येक जग एक फोल्डर. पोरीच्या नव्या अकाउंटला आधी गेम एकदा चालू करून बंद करा, मग तेवढे फोल्डर त्याच जागी टाका. पेन ड्राइव्हवर एक प्रत आधी काढून ठेवा, घराबाहेर राहायची वेळ यायला नको.

बायकोचं क्रोम, इथे फसाल. क्रोमचं फोल्डर लोकलमध्ये गूगल, क्रोम, युजर डेटा इथे सापडतं, आणि कॉपी करून टाकलं तर बुकमार्क येतात म्हणून माणसाला वाटतं झालं काम. पासवर्ड येत नाहीत. ते विंडोजच्या त्या अकाउंटच्या चावीने बंद केलेले असतात, दुसऱ्या अकाउंटला ती चावीच नाही. मार्ग दोन, गूगल अकाउंटने सिंक चालू करायचं न नव्या ठिकाणी लॉगिन करायचं, किंवा पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही एक्स्पोर्ट. सीएसव्ही म्हणजे उघडी यादी, बँकेचा पासवर्ड नोटपॅडमध्ये वाचता येतो, इम्पोर्ट झालं की लगेच उडवा न रिसायकल बिन पण रिकामा करा. फायरफॉक्स उलटं, त्याचं प्रोफाइल फोल्डर नेलं की पासवर्ड सकट येतं. सोयीचं आहे आणि म्हणूनच ते फोल्डर कुठल्या पेन ड्राइव्हवर विसरायचं नाही.

आणि हो, जुन्या अकाउंटच्या क्रोममधून बायकोचे पासवर्ड काढून टाका शेवटी. सगळे हेच विसरतात.

निवृत्त_पण_ऑनलाइन · रविवार सायंकाळी ६:२५

मी स्वतः ६८ वर्षांचा, पंचवटीत राहतो, म्हणून तुमच्या वडिलांच्या बाजूने दोन शब्द. तुम्हा पोरांना वाटतं आम्ही हट्टी. अहो आम्ही नोकरीत रॅक आणि रजिस्टरं वापरली, कुठला कागद कुठल्या खणात हे हाताला माहीत असायचं, डोक्याला नाही. स्क्रीनवरही आम्ही तेच करतो. माझ्या मुलाने एकदा विंडोज अपडेट करून दिलं आणि आयकॉन सगळे डावीकडे ओळीत उभे केले, मला आठ दिवस वीजबिल भरता आलं नाही, म्हणजे येत होतं पण धीर होत नव्हता.

तेव्हापासून एक करतो. स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो, महिन्यातून एकदा. काही हललं की फोटो बघून परत लावतो, कोणाला हाक मारावी लागत नाही. वडिलांना हे शिकवा, आणि डेस्कटॉपवर राइट क्लिक करून व्ह्यूमध्ये "ऑटो अरेंज" ची टिक काढून ठेवा.

स्टिकी नोट्स ते गेल्या म्हणाले त्या जुन्या अकाउंटमध्ये शाबूत असतील, काळजी नको. कधी न्यायच्याच झाल्या तर लोकलमधल्या पॅकेजेस फोल्डरात स्टिकी नोट्सचं लांब नावाचं फोल्डर असतं, त्याच्या लोकल स्टेटमध्ये प्लम डॉट एसक्यूलाइट नावाची फाइल, आणि तिच्याच नावाच्या मागे शेपूट लावलेल्या अजून एकदोन असतात, त्या सगळ्या मिळून न्यायच्या. मी नेल्यात. औषधांच्या वेळा होत्या माझ्या त्यात.

कारंजा_डीटीपी · रविवार सायंकाळी ६:५०

काका, हे प्लमचं मला पण माहीत नव्हतं! दुकानाचे उधारीचे आकडे स्टिकी नोट्समध्येच आहेत माझे.

तर्रीबाज · रविवार सायंकाळी ७:०३

ताई, उधारी वहीत लिहा. आणि माझी खोडा.

इंदिरानगर_बोगदा · पुढचा रविवार, रात्री ९:४५

झालं एकदाचं. काय झालं ते लिहितो, पुढे कोणी शोधत आला तर.

शनिवारी दुपारी बसलो. आधी बाबांच्या हातात मोबाइल देऊन स्क्रीनचा फोटो काढायला लावला, काकांनी सांगितल्याप्रमाणे. बाबांनी तीन काढले, एक फ्लॅश मारून. मग ते रिकामं नवीन अकाउंट उडवलं, "देखभाल" नावाचं ऍडमिन काढलं, चालतंय बघितलं. परत जुन्यात येऊन रीजनमधलं कॉपी सेटिंग्ज केलं, फक्त दुसऱ्या चौकोनावर टिक. फॉन्ट ताईंनी सांगितला तिथेच सापडला, एकटा नाही, अकरा निघाले, त्यातले नऊ कोणी टाकले ते घरात कोणीच कबूल करत नाहीये. दोन सगळ्यांसाठी इन्स्टॉल केले. मग आई, बायको, पोरगी अशी तीन स्टँडर्ड अकाउंटं, आणि आईच्यात पहिल्याच लॉगिनला मराठी हजर! तिचा फोनेटिकवाला कीबोर्ड, जो २०१९ च्या अपडेटमध्ये आला आणि जो मी दोन वर्षांपूर्वी महाकष्टाने तिला लावून दिला होता, तो आपोआप. "हळद" टाइप करून बघितलं, मग उठली.

बायकोचं सिंकने आलं, सीएसव्हीच्या वाटेला गेलो नाही. पोरीची जगं सगळी आली, दोन प्रती काढल्या होत्या, एक पेन ड्राइव्हवर न एक भीतीपोटी मोबाइलवर.

मध्ये एक माती खाल्ली. आईच्या पापडाचे फोटो जुन्या अकाउंटच्या पिक्चर्समध्ये होते, दोनेकशे, अंबडकर पहिल्या दिवशी "फाइली कॉपी करा" म्हणाले होते, मी म्हटलं दोन दोन ठिकाणी कशाला जागा अडवायची, म्हणून कट-पेस्ट केलं. गेले सगळे आईच्या फोल्डरमध्ये, दिसतात पण, नाव दिसतं, साइज दिसते, उघडायला गेलं की परवानगी नाही. आईच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आईला परवानगी नाही! तेवढ्यात लाइट गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, मला वाटलं संपलं, फोटो गेले. तासाभराने लाइट आल्यावर जिथल्या तिथे होते सगळे.

अंबड_लिंक_रोड · पुढचा रविवार, रात्री १०:०८

हा कट आणि कॉपीचा फरक आहे. कॉपी केली की नवीन फाइल जन्माला येते, ती ज्या घरात जन्मली त्या घराच्या परवानग्या घेते. त्याच ड्राइव्हवर कट करून हलवली की फाइल तीच राहते, नुसता पत्ता बदलतो, न जुन्या परवानग्या गाठोड्यात बांधून येते. कसं सोडवलं?

इंदिरानगर_बोगदा · पुढचा रविवार, रात्री १०:३०

देखभालमधून लॉगिन करून. आईच्या पिक्चर्स फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ऍडव्हान्स्ड, तिथे आईचं नाव यादीत आहे ना बघितलं आणि खाली ती टिक आहे, आतल्या सगळ्यांच्या परवानग्या बदलून या फोल्डरसारख्या कर अशा अर्थाची, ती करून अप्लाय. दहा सेकंदात उघडले सगळे. आधी कॉपीच केली असती तर एवढा बीपी वाढला नसता.

सामाईक गोष्टींसाठी, म्हणजे लाइटबिल, आधारच्या स्कॅन कॉप्या, गावाकडचे फोटो, युजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये एक "घर" नावाचं फोल्डर केलं, चौघांना दिसतं. पब्लिकच्या डेस्कटॉपमध्ये टाकलेला शॉर्टकट पण चौघांच्या डेस्कटॉपवर आपोआप येतो हे बघता बघता कळलं, प्रिंटर-स्कॅनरचा तिथे टाकून दिला.

सगळ्यात शेवटी बाबांना स्टँडर्ड केलं न अकाउंटचं नाव बदललं. आल्या आल्या त्यांनी खिशातून मोबाइल काढला, फोटो उघडला आणि स्क्रीनशी एकेक आयकॉन ताडून बघितला, बोट लावून, दोन्ही रांगा. डावीकडून दुसरी, खालून तिसरं जागेवर. बाण काळा. पिवळ्या चिठ्ठ्या चार, त्यातली एक २०२१ ची, "टाकी धुणे". काही न बोलता मेंटेनन्सची एक्सेल उघडून बसले.

पेंग्विन भाऊ, सपोर्टचं मनावर घेतलंय, बायकोचं बँकेचं तूर्तास तिच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर. नवीन मशीन दिवाळीत बघू.

आता एकच राहिलंय. लॉगिनच्या स्क्रीनवर बाबांच्या नावापुढे पोरीने चष्मा घातलेल्या मांजराचा फोटो लावलाय. बदलता येतो मला, पण बाबा म्हणतात राहू दे, आता सवय झाली.